उभ्याने घेतलेलं बाळ

ज्या बाईने अर्ध्या गावाला पहिला उजेड दाखवला, त्या बाईला तिच्याच लेकीने एके दिवशी सांगितलं, "आई, बाळ तू बसून घ्यायचंस हं. उभ्याने नाही."

बाळ अजून जगात आलेलंही नव्हतं. नातीला दिवस गेल्याची गोड बातमी सकाळच्या चहाबरोबर आली होती, चहाचे कप अजून गरम होते, आणि लेकीने लगेच कायदा वाचून दाखवला. सुईणबाईंनी कप खाली ठेवला. कायदा लेकीचा नव्हता. कायदा सुईणबाईंचाच होता.

प्रसूतिगृहात त्यांचं उभं आयुष्य गेलं. तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या नर्सला त्या पहिल्या दिवशी सांगत, "ज्याचा पायावर भरवसा नाही त्याने बाळ बसून घ्यावं. त्यात लाज नाही. पाडण्यात आहे." आणि नुसतं सांगून थांबणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी एक परीक्षा काढली होती, तिला सगळे 'फेरी' म्हणत. रबरी पिशवीत कोमट पाणी भरायचं, ती टॉवेलात गुंडाळायची. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मानेसारखी ती पिशवी इकडून तिकडे कलंडायची. ती छातीशी धरून बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठायचं, लांब व्हरांड्यातून चालत जायचं, टोकाला वळायचं, परत यायचं. आणि मधे कुठेतरी, न सांगता, कुणीतरी खांद्याला धक्का द्यायचं. एखादी पोरगी रडकुंडीला येऊन म्हणे, "बाई, निदान सांगून तरी द्या ना धक्का!" त्यावर सुईणबाईंचं उत्तर ठरलेलं. "वॉर्डातला धक्का काय पत्र पाठवून येतो का?"

मग लेक काय चुकीचं बोलली? मागच्या हिवाळ्यात सुईणबाई बाथरूमच्या दारात पडल्या होत्या. मनगट मोडलं, प्लास्टर लागलं, प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण भीती काही जागची हलली नाही. तेव्हापासून त्या घरात चालत ते फर्निचर मोजल्यासारखं. भिंत, मग कपाट, मग खुर्चीची पाठ, मग टेबलाची कड. रस्त्यावर तर फर्निचर नसतं, म्हणून रस्ताच सुटला. रोजची प्रार्थनाही त्या आता खिडकीतल्या खुर्चीवर बसूनच करत.

"बसून तर बसून," त्या लेकीला म्हणाल्या. पण आत काहीतरी तुटलं. या घरातलं प्रत्येक लेकरू त्यांनी उभ्याने छातीशी घेतलं होतं, उभ्याने घरी आणलं होतं. लेकीला, नातीला, आजूबाजूच्या पोरांना. आणि आता पहिलं पणतवंड येणार, तर दोन्ही बाजूंना उशा लावून, एखादं पार्सल ठेवावं तसं मांडीवर ठेवणार!

पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "पाय परत येतात का हो?"

"पाय कुठे गेलेत? धाक गेला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये ताई ची शिकवतात. जा तिथे."

"कुणाच्या ताईची?"

डॉक्टरांनी हसायचे कष्टही घेतले नाहीत. "सगळे हेच विचारतात. चीनमधला व्यायाम आहे, अगदी सावकाश करायचा. पायात ताकद येते, तोल सुधारतो. तुमच्या वयात पडणं कमी करायला याच्यासारखं सोपं औषध माझ्या कपाटात नाही. मात्र चिकाटी हवी."

"चिकाटी?" सुईणबाई म्हणाल्या. "पहिलटकरणींच्या उशाशी रात्र रात्र बसलेली बाई आहे मी."

वर्गाचा शिक्षक म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर निघाला. काटकुळा, उंच, आणि पाय जमिनीत रोवल्यासारखा उभा. हृदयविकारातून उठल्यावर तो हे शिकला, पण त्याचं म्हणणं, अर्धं शिक्षण आधी बसमध्येच झालं होतं. "दोन्ही हातांत तिकिटं नि पैसे, बस वळणावर, आणि दांडा धरायची सोय नाही. सांगा, कशाच्या जोरावर उभा राहत होतो?" हॉलभर पांढऱ्या केसांची मंडळी होती. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब. पुढच्या रांगेत पोट सुटलेले एक शिंपीकाका होते, त्यांचे गुडघे शिलाई मशीनने खाल्ले होते आणि जीभ मात्र कात्रीसारखी शाबूत होती.

"पोटासमोर एक मोठा चेंडू धरलाय असं समजा," कंडक्टर म्हणाला.

सगळ्यांनी चेंडू धरला. सुईणबाईंचा डावा कोपर आपोआप वाकला, डोकं ठेवायला. उजवा हात खालून आला, पाठ सावरायला.

"बाई, चेंडू."

"चेंडू पोरं खेळतात. मी बाळच धरणार."

कंडक्टरने मान तिरकी करून पाहिलं. "धरा. पण बाळ जिवंत आहे ना? मग एवढं आवळू नका त्याला."

सुईणबाईंनी स्वतःकडे पाहिलं. खरंच, खांदे कानाला लागले होते.

खरा गोंधळ पुढे झाला. कंडक्टर म्हणाला, "आता श्वास सोडा." बाईंच्या कानावर ते शब्द पडले मात्र, आयुष्यभराची सवय जागी झाली. त्यांच्या तोंडून फू-फू-फू अशी आखूड फुंकर सुरू झाली, आणि वर खणखणीत आवाजात, "हं! असंच! घाबरायचं नाही! जोर लावायचा नाही अजून!" तो आवाज असा होता की त्याच्यापुढे भल्याभल्यांनी हुकूम पाळलेला. शेजारची म्हातारी फुंकू लागली, मागची रांग फुंकू लागली, शिंपीकाका गाल फुगवून फुंकू लागले. कंडक्टरने वळून पाहिलं, तर अख्खा हॉल प्रसूतीच्या कळा सोसत होता.

शिंपीकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, सांगून टाका. मुलगा की मुलगी?"

"तुमचं पोट बघता जुळं दिसतंय."

हसता हसता कुणाकुणाला खुर्च्या धराव्या लागल्या. सुईणबाईही हसल्या, पोट धरून हसल्या. आणि हसू ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एवढा वेळ त्या हॉलच्या मधोमध उभ्या आहेत आणि हाताशी ना भिंत आहे ना कपाट.

देव कुणाच्या तोंडून बोलेल याचा नेम नाही. त्या दिवशी तो कंडक्टरच्या तोंडून बोलला. "एक पाय भरा, एक रिकामा करा," कंडक्टर सांगत होता. "घागरीतलं पाणी दुसऱ्या घागरीत ओततो ना, तसं वजन ओतायचं. भरलेल्या पायावर उभं राहायचं, रिकामा उचलायचा. घाई नाही. बस सुटत नाही आपली." सुईणबाईंनी वजन ओतून पाहिलं आणि त्यांना एकदम उमगलं की पडल्यापासून आपण दोन्ही पाय अर्धे अर्धे भरून चालतोय. कुठल्याच पायावर विश्वास नाही, म्हणून कुठलाच पाय कामाचा नाही. माणसांचंही असंच असतं म्हणा. अर्ध्या मनाने दोन दगडांवर उभा राहिलेला कधी पार जात नाही.

महिने गेले. नातीचं पोट दिसू लागलं आणि आजीचे पाय दिसू लागले. आधी टेबलाची कड सुटली, मग खुर्चीची पाठ. दुपारभर डुलक्या आणि रात्रभर टकटक डोळे असा जो उलटा संसार चालला होता, तो सुलटा झाला. रात्री पडल्या की झोप लागायची. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पट्टी सोडताना "वा" म्हणाले. शिंपीकाका तर वाचनालयाच्या पायऱ्या कठडा न धरता उतरायचे आणि खाली पोचल्यावर, कुणी पाहिलं का, म्हणून इकडेतिकडे बघायचे.

पण यश डोक्यात जायला वेळ लागत नाही. एका सकाळी लेक औषधाच्या दुकानात कामाला गेलेली पाहून सुईणबाईंनी पिठाची पिशवी टॉवेलात गुंडाळली, छातीशी धरली आणि स्वयंपाकघरातच फेरी काढली. उठल्या छान. चालल्या छान. ओट्यापाशी वळताना मात्र नजर पिशवीवर गेली, मग पायावर गेली, श्वास कोंडला, पाय एकमेकांत अडकले. ओटा धरायला हात गेला आणि पिशवी गेली खाली. त्या स्वतः पडल्या नाहीत, पण पिठाचा असा काही ढग उठला की काही वेळ ओटाच दिसेना.

आणि त्याच वेळी, घरी विसरलेल्या किल्ल्या न्यायला, लेक दारात उभी.

ती ओरडेल असं बाईंना वाटलं. ती ओरडली नाही. पांढऱ्या फरशीवर तशीच खाली बसली आणि रडायला लागली.

"अगं, पीठ आहे. झाडून टाकते मी."

"पीठ नाही गं आई." लेकीने हुंदका गिळला. "तू बाथरूमच्या दारात पडलीस ना, तेव्हा तू हाकसुद्धा मारली नाहीस. मी आले तर तू नुसती पडलेली. मला वाटलं, संपलं. अजून रात्री तुझ्या खोलीत येऊन श्वास ऐकते मी. आणि तू आता बाळ घेऊन चालायची तयारी करतेस! उद्या बाळाला काही झालं, तर तुला नंतर कोण समजावणार? तू स्वतःला कधी माफ करशील?"

सुईणबाई लेकीजवळ पिठात बसल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं की लेक आपल्याला मोडीत काढतेय. ही पोर तर रोज रात्री दाराशी उभी राहून त्यांचा श्वास ऐकत होती.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी फेरी देते. घरात नाही, वॉर्डात. सगळ्यांसमोर. नापास झाले तर बसून घेईन, आणि पुन्हा चकार शब्द काढणार नाही."

"आणि पास झालीस तर?"

"तर बाळाला घरी मी नेणार. वॉर्डापासून गाडीपर्यंत. उभ्याने."

लेकीने नाक पुसलं, त्याला पीठ लागलं. "धक्का कोण देणार?"

"मेट्रन देईल, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला माझ्याकडून येणं आहे."

पिठाची हकिकत ऐकून कंडक्टरने आधी पीठ कुठल्या चक्कीचं ते विचारलं, मग गंभीर झाला. "बसमध्ये जो दांडा जिवाच्या आकांताने आवळतो ना बाई, तोच पहिल्या ब्रेकला तोंडावर पडतो. तुम्ही त्या पिशवीला दांडा समजलात. नजर समोर ठेवा. बाळ कुठे आहे ते हातांना माहीत असतं, डोळ्यांनी पहारा कशाला करायचा?" मग त्याने जोड्या लावल्या आणि धक्क्यांचे धडे सुरू केले. "धक्का अडवायचा नाही. भांडायचं नाही. खाली बसल्यासारखं व्हायचं, कंबर वळवायची, धक्क्याला तिकीट फाडून द्यायचं आणि म्हणायचं, पुढे सरका!"

शिंपीकाका बाईंना खांद्यावर ढकलायचे. सुरुवातीला बाई खुंटासारख्या उभ्या राहायच्या आणि मग खुंटासारख्या डगमगायच्या. हळूहळू गुडघे ऐकू लागले. धक्का आला की त्या खाली मुरायच्या, जमिनीत पाणी मुरतं तशा, आणि काकांचे हात हवेत जायचे. "ढकलायला माणूसच सापडत नाही," काका कुरकुरायचे. "सोमवारी तर मीच खिडकीवर गेलो."

मग एका दुपारी नात मोकळी झाली. मुलगी. गुलाबी, ओरडणारी, मुठी आवळलेली. फेरी अजून व्हायची होती, आणि शब्द म्हणजे शब्द. सुईणबाई खुर्चीत बसल्या, दोन्ही बाजूंना उशा लागल्या, आणि पणती मांडीवर आली. आयुष्यभर प्रत्येक बाळाच्या कानात त्या जे पुटपुटत आल्या, तेच पुटपुटल्या. "देवा, तुझं तुला दाखवलं. आता सांभाळ." बाळाने त्यांचं बोट धरलं. उशा मात्र त्यांना दगडासारख्या टोचत होत्या.

घरी न्यायचा दिवस उजाडला. व्हरांड्यात बातमी आधीच पसरली होती. मोठ्या बाई फेरी देणार! नर्सा दारादारांत उभ्या, आया झाडू धरून उभ्या. नात बाळाला घेऊन बाकावर बसली होती, शेजारी लेक. आणि मेट्रन, जिला बाईंनी ती नवी असताना 'चिमणी' नाव ठेवलं होतं, ती आता चांगली भरदार झाली होती आणि पिशवीत कोमट पाणी भरता भरता ती सारखी बाईंकडे बघत होती.

"बाई, मी तुम्हाला धक्का देऊ? माझ्याने होईल का?"

"मी तुला दिला होता ना?"

"असा दिला होता की मी भिंतीवर गेले होते."

"पण पिशवी सोडली नाहीस. म्हणून तर आज मेट्रन आहेस. आण इकडे."

सुईणबाई बुटक्या स्टुलावर बसल्या. पिशवी छातीशी घेतली. पाय जमिनीवर, वजन पुढे, श्वास बाहेर, आणि त्या उठल्या. हात टेकले नाहीत. कुणीतरी "हं" केलं. लेकीने पदराचं टोक तोंडात धरलं.

व्हरांडा लांब होता. उजवा भरा, डावा रिकामा. डावा भरा, उजवा रिकामा. पण मन मात्र पाठीकडे लागलेलं. आता येईल धक्का, आता येईल. खांदे पुन्हा कानांकडे चढू लागले. तेव्हा बाईंनी स्वतःशीच म्हटलं, अगं, पाऊल तुझं, वेळ देवाची. त्याच्या कामात तू कशाला लुडबुडतेस? आणि त्यांनी वाट बघणं सोडून दिलं. खांदे उतरले. टोक आलं. त्या वळल्या, जशी घरात बाळ घेऊन बाई वळते तशा, आणि परत निघाल्या.

नेमका तेव्हा कोपऱ्यावरून एक नवा कोरा बाप धावत आला. एका हातात दुपटं, दुसऱ्या हातात थर्मास, तोंड मागे वळलेलं, "झाली! मुलगी झाली!" म्हणून कुणाला तरी ओरडत. तो सगळ्या वजनानिशी सुईणबाईंच्या खांद्यावर आदळला.

लेक किंचाळली. मेट्रनचे दोन्ही हात पुढे आले.

सुईणबाई खाली मुरल्या. गुडघे वाकले, कंबर वळली, डावा पाय भरला, आणि तो धक्का त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखा निघून गेला. त्याच्याबरोबर बापही गेला, थेट मळक्या चादरींच्या ढकलगाडीत. थर्मास खणखणत लांब घरंगळला. टॉवेलातली पिशवी जरा कलंडली आणि कोपराच्या घडीत शांत पडून राहिली.

मग चादरींमधून आवाज आला, "माफ करा आजी! लागलं का?"

"मला नाही लागलं. तुमचं अभिनंदन," सुईणबाई म्हणाल्या. "आणि व्हरांड्यात धावायचं नाही. इथे माणसं बाळं घेऊन चालतात."

जो काही हशा आणि टाळ्यांचा गजर झाला, त्याने आतली बाळं उठली आणि एका सुरात रडायला लागली. मेट्रन डोळे पुसत म्हणाली, "झालं बाई, झाला धक्का! पास!"

"हा कुठे तुझा होता? हा उपरा धक्का. तुझा राहिलाय."

"बाई, पुरे ना आता!"

"फेरीचा नियम मी मोडणार नाही. चल."

मेट्रनने खांद्याला हात लावला, लावला म्हणजे नुसता टेकवला.

"चिमणे, हा धक्का आहे की लाड?"

मग मेट्रनचाही हट्ट पेटला. तिने पदर खोचला, पाय रोवला आणि असा धक्का दिला की तिच्या बांगड्या वाजल्या. सुईणबाई पुन्हा मुरल्या, वळल्या, वर आल्या. मेट्रन दोन पावलं पुढे धडपडली आणि भिंतीला जाऊन टेकली. सगळ्यांना वाटलं आता तिला राग येणार. ती भिंतीला पाठ लावून हसत सुटली. "पुन्हा भिंतच! इतक्या वर्षांनी पुन्हा भिंतच नशिबी!"

सुईणबाई चालत स्टुलापाशी आल्या, पण बसल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

लेक बाकावरून उठली. तिने आईच्या हातातून पाण्याची पिशवी घेतली आणि मेट्रनकडे दिली. मग नातीच्या मांडीवरून बाळाला उचललं, मानेखाली हात घालून, अगदी आईने शिकवलं होतं तसं, आणि आईच्या डाव्या कोपरात ठेवलं. तिचा हात बाळाखालून हळूच, बोटाबोटाने निघाला. शेवटचं बोट निघालं तेव्हा तिने श्वास सोडला.

"घे आई," ती म्हणाली. "तुझीच आहे."

सुईणबाई निघाल्या. वॉर्डाच्या दारातून, उताराच्या फरशीवरून, फाटकातून. मागे नात नवऱ्याच्या हाताला धरून, तिच्या मागे लेक सगळं सामान घेऊन. बाहेर रस्ता भरून वाहत होता, सायकली, हातगाड्या, शाळेतून सुटलेली पोरं. किती दिवसांनी त्या रस्त्यात उभ्या होत्या! ऊन बाळाच्या कपाळावर येऊ लागलं तशा त्या जराशा वळल्या, आपली सावली तिच्यावर धरली, आणि चालत राहिल्या. समोरून माणसं येत, बाजूला होत, हसत. कुणी म्हणे, "बाई, पणती का?" कुणी म्हणे, "मला पण तुम्हीच आणलं होतं!" त्या प्रत्येकाला मानेनेच होकार देत होत्या, नजर समोर, पाऊल सावकाश, एखाद्या राणीने राज्य जिंकून यावं तशा.

गाडीपाशी पोचल्यावर लेक धापा टाकत मागून आली आणि बाळाला घ्यायला तिचे हात पुढे झाले, सवयीने.

"ते नको," सुईणबाई म्हणाल्या. "दार उघड. माझे हात मोकळे नाहीत."